शाळकरी प्रयोगातून घडलेला संशोधक : शंकर आबाजी भिसे

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात ज्यांचे रोजचे जाणे-येणे आहे त्यांना तेथील गल्ल्यांची ओळख करून द्यायला नको. मॉरिशसमधील आमच्या वाचकांसाठी मात्र दोन शब्द सांगतो. येथील विभाग नंबरांनी ओळखले जातात. पत्र्याच्या शेडीला लागून दुसरी शेड, कोठे जुन्या मोटारींचे सुटे भाग, कोठे वेल्डिंग, कोठे ॲल्युमिनियमच्या खिडक्या, तर कोठे लेथवर लोखंड कातले जात आहे, असा हा सारा कारभार. केरळचा, पंजाबचा, पेशावरकडचा आणि आपल्या कोकणातला कारागीर येथे शेजारी शेजारी घाम गाळतो.

काही दिवसांपूर्वी आम्ही अशाच एका लेथच्या दुकानात ओळखीच्या गृहस्थांकडे बसलो होतो. तेवढ्यात एक गृहस्थ आपल्या अकरावीतल्या मुलाला घेऊन आले. कुटुंब मराठी, मूळ मॉरिशसचे, नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेले. मुलाच्या हातात वहीचा एक कागद होता व त्यावर पेन्सिलीने एक यंत्र काढलेले होते. वर धातूचा मोठा गोळा, खाली मोटर, मध्ये उभ्या नळीतून फिरणारा रबरी पट्टा. व्हॅन डी ग्राफचे स्थिर विजेचे यंत्र ते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलाला ते स्वतःच्या उंचीचे करायचे होते. वडिलांनी सरळ विचारले की संपूर्ण यंत्र तयार करून देण्याचे किती पैसे होतील? प्रदर्शनाला तीन आठवडे राहिले होते, मुलाचा अभ्यास बुडायला नको होता आणि त्यांची पैसे देण्याची तयारी होती. वडिलांचा हेतू चांगलाच होता. पण मुलाचा चेहरा मात्र उतरला व तो आपल्या बुटांकडे पाहत उभा राहिला.

त्या वेळी आम्हांला दुसऱ्या एका मराठी मुलाची आठवण झाली. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी त्यानेही शाळेच्या वयात असाच वयाला न झेपणारा प्रयोग हाती घेतला होता, आणि तो तडीसही नेला होता. त्याचे नाव शंकर आबाजी भिसे. आज त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शंकररावांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत एका कायस्थ प्रभू कुटुंबात झाला. तो काळच यंत्रांच्या नवलाईचा होता. भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला धावली होती. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले होते. संध्याकाळी शिडी घेऊन येणारा माणूस आणि त्याच्या हातून एकामागून एक उजळणारे दिवे हे मुंबईकरांच्या नित्याच्या पाहण्यातले दृश्य झाले होते. परंतु या वस्तू विलायतेतून यायच्या आणि त्या चालवायच्या एवढेच आपल्या लोकांच्या वाट्याला येई. त्या आपणही करू शकू, असे मनात आणणारे थोडे. शाळांतून इतिहास, भाषा, गणित शिकवीत. हाताने करून पाहण्याचे शास्त्र शाळकरी मुलाला कोठे मिळणार?

शंकरने ते घरीच मिळवले. चौदाव्या वर्षी, म्हणजे १८८१ च्या सुमारास, त्याने कोळशापासून दिव्याचा गॅस काढण्याचे उपकरण आपल्या राहत्या घरी तयार केले. हे काम किती अवघड होते याची कल्पना यावी म्हणून असे उपकरण कसे चालते ते थोडक्यात सांगतो.

दगडी कोळसा उघड्यावर पेटवला तर तो जळून जातो. पण तोच बंद भांड्यात घालून बाहेरून तापवला, तर हवा न मिळाल्यामुळे तो पेट घेत नाही. त्यातून वायू, वाफ आणि डांबर बाहेर पडते व मागे कोक उरतो. हा वायू तसाच दिव्यात सोडला तर नळ्या डांबराने तुंबतात आणि घरभर गंधकाचा घाण वास सुटतो. म्हणून तो आधी थंड करावा लागतो, पाण्यातून न्यावा लागतो, मग चुन्यावरून न्यावा लागतो. शेवटी पाण्यात पालथ्या घातलेल्या भांड्यात तो साठवतात. वायू भरत जाईल तसे हे भांडे वर उचलले जाते आणि त्याच्याच वजनाच्या दाबाने वायू नळीतून दिव्यापर्यंत जातो. म्हणजे उष्णता, दाब, वायूंचे गुण, सांधे घट्ट बसवण्याची कारागिरी, असे सगळे एकत्र जुळावे तेव्हा कोठे ज्योत दिसते. एखादा सांधा गळका राहिला आणि आत हवा शिरली तर स्फोट. शिवाय या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही आणि तो जीवघेणा आहे. तेव्हा आमच्या बालवाचकांनी हा प्रयोग घरी मुळीच करू नये, हे आम्ही बजावून सांगतो.

मोठ्या शहरांना उजेड देणारे हे तंत्र चौदा वर्षांच्या मुलाने घरात उभे केले. ज्या वडीलधाऱ्यांनी घरात धूर आणि वास सहन केला त्यांचेही कौतुक केले पाहिजे. मुलाने पसारा मांडला की तो आवरायला लावणारी घरे पुष्कळ असतात. पसाऱ्याला जागा देणारी घरे कमी.

पुढे सोळाव्या वर्षीच शंकरने मनाशी ठरवले की आपण इंग्लंडला किंवा अमेरिकेला जायचे आणि यंत्रे शोधून काढण्यातच आयुष्य घालवायचे. ठरवणे सोपे होते. घरची स्थिती बेताची असणाऱ्या तरुणाने त्या काळी काय करावे? भिशांनी इतरांसारखीच सरकारी कचेरीत कारकुनी धरली. पण कचेरी सुटल्यावर त्यांची खरी शाळा भरे. सायंटिफिक अमेरिकन हे अमेरिकेतील नियतकालिक हाच त्यांचा गुरू होता. त्यातील आकृत्या पाहून ते यंत्रांची रचना शिकले. समविचारी मित्रांना जमवून त्यांनी मुंबईत सायंटिफिक क्लब काढला आणि शास्त्र व कलाकौशल्य यांचे ज्ञान आपल्या भाषेत मिळावे म्हणून विविध कलाप्रकाश नावाचे मराठी मासिकही चालवले. ज्याला स्वतःला शिकवणारा कोणी नव्हता त्याने दुसऱ्यांना शिकवण्याची सोय केली, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

१८९० ते १८९५ च्या दरम्यान त्यांनी दृष्टिभ्रमाचे प्रयोग बसवले. प्रकाश कसा वळतो, आरशातून कसा परततो आणि डोळा कसा फसतो, याच्या अभ्यासावर हे खेळ उभे होते. एक वस्तू पाहता पाहता दुसरीच होई व प्रेक्षक थक्क होत. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्येही त्यांनी असे प्रयोग करून दाखवले. याच काळात छेडछाड करता न येणारी बाटली, मुंबईच्या उपनगरी गाडीत पुढचे स्टेशन दाखवणारा फलक अशा लहानमोठ्या वस्तूंच्या कल्पनाही त्यांच्या डोक्यातून निघत होत्या.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारी गोष्ट १८९७ साली घडली. लंडनच्या एका संशोधन-विषयक नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. साखर, पीठ असा किराणा माल आपोआप वजन करून देणारे यंत्र हवे होते. वाचायला सोपे, करायला कठीण. माल वरून धारेने पडत असतो. पारड्यात ठरलेले वजन झाल्यावर दार बंद केले, तरी हवेत असलेले दाणे पडतातच आणि वजन जास्त होते. लवकर बंद करावे तर कमी पडते. शिवाय साखर सरसर वाहते आणि पीठ अडून बसते. भिशांनी मुंबईत बसून या यंत्राचा आराखडा तयार केला व लंडनला पाठवला. इंग्लंडमधील स्पर्धकांना मागे टाकून तोच पहिला आला.

या यशाने मुंबईतील पुढाऱ्यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले. काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनी त्यांना पाठबळ दिले आणि शतक संपता संपता भिसे लंडनला पोहोचले. तेथे त्यांना आधार मिळाला तो दादाभाई नौरोजींचा. इंग्लंडच्या पार्लमेंटात निवडून गेलेले हे थोर पुरुष तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते. हिंदुस्थानची संपत्ती बाहेर कशी वाहून जाते, हे त्यांनी आयुष्यभर आकड्यांनिशी मांडले होते. हिंदी माणसाने स्वतःच्या बुद्धीने संपत्ती निर्माण करावी, ही त्यांची तळमळ होती. म्हणून या तरुणाशी त्यांनी रीतसर करार केला आणि त्याच्या प्रयोगांसाठी पदरचे पैसे घातले.

लंडनमध्ये भिशांची बुद्धी चौफेर धावू लागली. विजेच्या दिव्यांनी जाहिरात दाखवणारे व्हर्टोस्कोप नावाचे यंत्र त्यांनी केले. ते लंडनच्या प्रसिद्ध क्रिस्टल पॅलेसमध्ये झळकले. स्वयंपाकघरातील उपकरणे, टेलिफोन, आपोआप धुतला जाणारा संडास, अशा कितीतरी वस्तूंवर त्यांनी काम केले. परंतु त्यांनी आपले सर्वस्व पणाला लावले ते छपाईच्या खिळ्यांवर.

आजच्या तरुण वाचकांनी खिळे पाहिलेही नसतील. त्या काळी प्रत्येक अक्षराचा धातूचा वेगळा ठसा असे. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा रस साच्यात ओतून तो तयार करीत. रस घट्ट झाल्यावाचून खिळा साच्यातून काढता येत नाही, म्हणून ओतण्याच्या वेगाला मर्यादा पडे. लायनोटाइप, मोनोटाइप ही यंत्रे बाजारात होतीच व त्यांच्या मागे बड्या कंपन्या उभ्या होत्या. भिशांनी त्यांच्या कितीतरी पट वेगाने आणि कमी खर्चात खिळे ओतणारे यंत्र शोधले. ते भिसोटाइप या नावाने ओळखले गेले. मिनिटाला हजाराच्या वर खिळे ओतणारे यंत्र म्हणून जाणकारांत त्याची वाखाणणी झाली. वर्तमानपत्रे आणि पुस्तके स्वस्त करण्याची शक्ती या शोधात होती.

आणि येथेच दैव आडवे आले. कागदावरचा आराखडा एकट्याला करता येतो, नमुन्याचे यंत्रही करता येते. पण कारखाना काढायला भांडवल लागते. दादाभाईंनी आपले मित्र, इंग्लंडमधील समाजवादी पुढारी हेन्री हाइंडमन यांच्यामार्फत भांडवलदार शोधले. हजारो पौंडांची वचने मिळाली, परंतु पैसे आले नाहीत. १९०७ साली वृद्ध दादाभाई कायमचे मायदेशी परतले आणि तो आधारही गेला. १९०८ च्या अखेरीस भिसे निराश होऊन मुंबईला परत आले. एवढा मोठा शोध हाती असून तो विकता येत नाही, या दुःखाची कल्पना ज्याची त्यालाच.

तरी त्यांनी हार मानली नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि जमशेटजी टाटांचे धाकटे पुत्र रतन टाटा यांनी भांडवल देण्याचे मान्य केले. भिसे पुन्हा लंडनला गेले व १९१० साली टाटा-भिसे सिंडिकेट स्थापन झाले. यंत्रात सुधारणा होत राहिल्या, पण धंद्याला हवी तशी गती आली नाही. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि युरोपात अशा उद्योगाला वावच उरला नाही. युद्ध चालू असतानाच भिसे अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांनी नव्याने संसार मांडला. तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. त्या वयात परक्या देशात पहिल्यापासून सुरुवात करणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या पूर्वजांनी कोकण सोडून उसाच्या मळ्यांची वाट धरली त्यांना वेगळे सांगायला नको.

अमेरिकेत खिळ्यांचे यंत्र सुधारून त्यासाठी त्यांनी १९२० च्या सुमारास कंपनीही काढली. पण द्रव्य मिळवून दिले ते वेगळ्याच शोधाने. आयोडीनपासून त्यांनी एक औषध तयार केले. ते पुढे ॲटोमिडीन या नावाने विकले गेले. आयोडीन जंतुनाशक आहे हे खरे. मात्र त्या काळच्या पद्धतीप्रमाणे अशा औषधांना अनेक रोगांवरचा उपाय म्हणून मिरवीत, ते सारे आजच्या शास्त्राला मान्य नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचे मन अध्यात्माकडे व परलोकविद्येकडे वळले आणि आत्म्यांशी संभाषण करण्याचे एक यंत्रही त्यांनी केले. थोर माणसाचे सगळेच शोध थोर असतात असे नाही. चरित्र लिहिताना ही बाजू झाकून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही.

अमेरिकेत त्यांना मान मिळाला. तेथील लोक त्यांना हिंदुस्थानचे एडिसन म्हणू लागले. १९३० साली खुद्द थॉमस एडिसन यांची व त्यांची भेट झाली. घरात गॅसचा दिवा पेटवणाऱ्या मुलाला, ज्याने विजेचा दिवा घराघरांत नेला त्या माणसासमोर बसताना काय वाटले असेल? सुमारे २०० शोध आणि ४० पेटंटे भिशांच्या नावावर सांगितली जातात. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. हयातीत ज्यांचे नाव सर्वतोमुखी होते, त्यांना पुढे आपले लोक जवळजवळ विसरून गेले. भिसोटाइप मोठ्या प्रमाणावर कधीच चालले नाही आणि नंतर खिळ्यांची छपाईच इतिहासजमा झाली.

या चरित्राकडे पाहताना एक गोष्ट आमच्या मनात भरते. भिशांच्या आयुष्यात जी कामे त्यांच्या स्वतःच्या हातात होती ती पुरी झाली. गॅसचे उपकरण, दृष्टिभ्रमाचे खेळ, वजनाच्या यंत्राचा आराखडा, यांपैकी काहीही अर्धवट राहिले नाही. जेथे दुसऱ्याच्या पैशावर आणि वचनावर अवलंबून राहावे लागले तेथे मात्र अडचणी आल्या. बुद्धी कमी पडली असे नव्हे. पण प्रत्येक अपयशानंतर हा माणूस पुन्हा उभा राहिला. त्याचे मूळ आम्हांला चौदाव्या वर्षीच्या त्या ज्योतीत दिसते. आपल्या हाताने अवघड वस्तू एकदा पुरी केली की आपल्याला ते येते, ही खात्री माणसाच्या अंगी मुरते. ती कोणी काढून घेऊ शकत नाही, आणि ती विकतही मिळत नाही.

असो. लेथच्या दुकानातल्या त्या मुलाकडे परत येऊ. भिशांची ही हकीकत आम्ही त्याच्या वडिलांना तेथेच चहा घेता घेता सांगितली. त्यांना हेही सांगितले की ज्या व्हॅन डी ग्राफ यांच्या नावाचे हे यंत्र आहे, त्यांनी १९२९ साली आपला पहिला नमुना पत्र्याचा डबा, रेशमी फीत आणि लहानशी मोटर एवढ्या साहित्यातून केला आणि त्यातून ८०,००० व्होल्ट मिळवले होते. गृहस्थ विचारात पडले. शेवटी ठरले असे, की पट्ट्याचे दोन रूळ तेवढे लेथवर कातून घ्यायचे, कारण ते घरी होण्यासारखे नाहीत. बाकी सगळे मुलाने करायचे. उंचीही निम्मी करायची. दुकानदारांनी रुळांचे पैसे घेतले नाहीत. मात्र रूळ मध्यभागी किंचित फुगीर का ठेवतात, ते मुलाला लेथपाशी उभे करून समजावले. सपाट रुळावर पट्टा एका बाजूला सरकून निसटतो, फुगीर रुळावर तो आपोआप मध्ये येतो.

पुढची हकीकत वडिलांनीच आम्हांला कळवली. स्टीलचे दोन वाडगे तोंडाला तोंड लावून गोळा झाला, नळाचा प्लॅस्टिकचा पाइप खांब झाला. पहिल्या दिवशी मोटर फिरली, पट्टा फिरला आणि ठिणगी काही पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. समुद्राकाठच्या दमट हवेत पट्ट्यावर आणि पाइपवर ओलाव्याचा पातळ थर बसतो व त्यावरून वीज गळून जाते, हे पुस्तकात वाचलेले त्याला आता डोळ्यांनी दिसले. मग पट्टा पुसून केस वाळवण्याच्या यंत्राने कोरडा केला, खोलीतला वातानुकूलक बराच वेळ चालू ठेवला. चौथ्या दिवशी रात्री दोन सेंटिमीटरची ठिणगी कडकडली. कोरड्या हवेत सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात, त्या हिशेबाने ढोबळमानाने ६०,००० व्होल्ट. कोणत्या दिवशी हवेत किती दमटपणा होता आणि ठिणगी किती लांब पडली, याचा तक्ता मुलाने वहीत मांडला. प्रदर्शनात बक्षीस दुसऱ्या मुलाला मिळाले. मुलगा थोडा हिरमुसला, पण वही त्याने जपून ठेवली आहे आणि आता त्याला उरलेल्या निम्म्या उंचीचे वेध लागले आहेत.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी मुले असतील, शारजात असतील आणि बेटावरही असतील. आई-वडिलांना आमचे एवढेच सांगणे, की मुलाने अवघड यंत्राचा कागद पुढे ठेवला तर त्याला ते विकत आणून देऊ नका, आणि हे तुझे काम नव्हे म्हणून कागद बाजूलाही सारू नका. वीज, विस्तव आणि वायू यांच्यापाशी जाणत्या माणसाला उभे करा. घरातला एक कोपरा मोकळा करा आणि थोडा पसारा सहन करा. भिशांच्या घरच्यांनी तो सहन केला होता.